सिस्टरच्या कोटाची बटणं

बायको गेली आणि मास्तरांनी देवाशी अबोला धरला. साधासुधा नव्हे, चांगला सात महिन्यांचा! तीस वर्षं सुईत पहिला दोरा ओवताना हा शिंपी त्याचं नाव घ्यायचा. आता नुसताच दोरा ओवायचा. पुढे पुढे सकाळी उठायचं तरी कशासाठी, हेच त्यांना कळेनासं झालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या कपाटात पडून राहिल्या.

शेवटी त्यांनी ठरवलं. गिऱ्हाइकांचे राहिलेले तीन कपडे शिवून द्यायचे, दुकानाची किल्ली मालकाच्या हातात ठेवायची आणि घराचं दार आतून लावून घ्यायचं. त्यापुढे काय, ते स्वतःलाही सांगत नव्हते.

तेवढ्यात घराच्या वरच्या मजल्यावरच्या सिस्टर दुकानात आल्या. दवाखान्यातून निवृत्त झालेली बाई, पण बोलणं अजून इंजेक्शनसारखं.

"मास्तर, कोटाचं बटण तुटलंय."

"ठेवून जा."

"जाते कशाला? बसते की." आणि बसल्याच! स्वतःच्या गुडघ्यापासून शेजारच्या मांजरापर्यंत सगळ्यांच्या तक्रारी सांगून झाल्यावरच उठल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा हजर. दुसरं बटण. तिसऱ्या दिवशी तिसरं. "अहो, कोट आहे की चेष्टा?" मास्तर वैतागले. पण गंमत बघा, पाचव्या दिवशी अकराच्या आधीच त्यांनी चहाचे दोन कप मांडले होते.

सहाव्या दिवशी तिन्ही कपडे देऊन झाले. दुकानाची किल्ली खिळ्यावरून काढून खिशात टाकली होती, राहिलं होतं सिस्टरचं शेवटचं बटण. मास्तरांनी कोट उजेडात धरला आणि त्यांचा हात थांबला. झिजून तुटलेल्या दोऱ्याला मिशा फुटतात. इथलं टोक कसं सरळ, साफ.

"सिस्टर, हे तुटलेलं नाही. कापलंय!"

सिस्टरचा चेहरा खर्रकन उतरला. "सगळीच कापली."

"माझी कीव करता?" मास्तरांचा पारा चढला.

"कीव कसली डोंबलाची! दोनदा दार वाजवलं, तुम्ही उघडलं नाहीत. देवाला विचारलं, या माणसाचं काय करू? समोर कोट लटकत होता." त्यांचा आवाज खाली आला. "आणि खरं सांगू? मुलगा परदेशी. दिवसभर माझ्याशी बोलतो तो फक्त रेडिओ. बटण कापलं की मलाही कुठेतरी जायला मिळायचं हो."

"माझा देवाशी अबोला आहे."

"तुमचा असेल. त्याचा कुठाय?"

मास्तर उत्तर द्यायला गेले आणि त्यांना रडूच फुटलं. सात महिने अडकलेलं रडू, लवकर थांबतंय कुठलं! सिस्टर खुर्ची ओढून अगदी शेजारी येऊन बसल्या.

मग डोळे पुसून मास्तरांनी सुई घेतली. दोरा ओवला, आणि ओठ हलले. नाव आलं, अडखळत का होईना, पण आलं.

सहाही बटणं त्यांनी दुहेरी दोऱ्याने पक्की केली. "घ्या. आता तुमच्या कात्रीलाही दाद देणार नाहीत."

सिस्टरनी कोट छातीशी धरला. "म्हणजे उद्या..."

"उद्या अकराला या. चहा मी ठेवतो. आणि त्या गोळ्या कधी कशा घ्यायच्या, तेवढं एकदा समजावून सांगा."

"बटणाशिवाय येऊ?"

"बटणाशिवाय या," मास्तर म्हणाले, आणि खिशातली किल्ली काढून त्यांनी पुन्हा खिळ्याला अडकवली.