हाकेला ओ

“अजून ओ नाही,” दादा म्हणाले.

टेबलावर बालवाडीच्या बाईंचा छोटा लॅपटॉप उघडा पडला होता. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, आणि गेले काही दिवस नुसती लुकलुकतच होती.

“कुणाची ओ?” दुकानाच्या तोंडाशी झेरॉक्स मशीनजवळ उभ्या असलेल्या वहिनींनी विचारलं.

“अगं, या लॅपटॉपने हाक मारायची आणि माझ्या कॉम्प्युटरच्या पेटीने ओ द्यायची. हा बिचारा घसा फोडतोय. ती ढिम्म.”

“घरातली सवय दुकानात आली म्हणायची,” असं म्हणून वहिनींनी पुढचा कागद काचेवर पालथा घातला.

बाजारात सगळे त्यांना दादाच म्हणत, त्यामुळे त्यांची बायको आपोआप सगळ्या बाजाराची वहिनी झाली होती. तसं पाहिलं तर दादा म्हणण्याचा खरा हक्क एकाच माणसाचा होता, आणि त्याने तो शब्द कित्येक वर्षांत तोंडातून काढला नव्हता. तो माणूस या क्षणी प्लायवुडच्या भिंतीपलीकडे सामान बांधत होता. चिकटपट्टी ओढल्याचा चर्र आवाज यायचा, मग खोकं सरकल्याचा. धाकटा भाऊ आपलं दुकान कायमचं रिकामं करून मुलीकडे, लांबच्या शहरात राहायला निघाला होता. दुपारी टेम्पो येणार होता.

“आज जातोय तो,” वहिनी म्हणाल्या.

“जाऊ दे की. मी काय दार अडवून उभा आहे?”

“उभे असता तर बरं झालं असतं. निदान समोरासमोर तरी आला असतात.”

दादांनी लॅपटॉपची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली.

भांडण कशावरून झालं हे सांगायला गेलं तर ऐकणारा हसेल. ते सीड्यांवरून झालं होतं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं हे दुकान एकच होतं तेव्हा दादांचं एक मोठं कपाट होतं, आणि त्यात त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या, कोऱ्या मशीनमध्ये सगळं भरायच्या सीड्या. कुठल्या कंपनीच्या कुठल्या मशीनला कुठली सीडी लागते, हे दादांना झोपेतून उठवून विचारावं. मग सीडीची खाचच नसलेली मशीनं यायला लागली. धाकट्याने एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्यात सगळं भरलं, आणि म्हणाला, “आता सीडी नको, दादा. वायर लाव, बटण दाब. बाकीचं ही पेटी बघून घेईल.” दादांनी तेही खपवून घेतलं. पण एकदा दादा बाहेरगावी गेले असताना धाकट्याने नव्या टेबलाला जागा हवी म्हणून ते कपाट सीड्यांसकट भंगारात काढलं.

परत आल्यावर दादा गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे तुला मी शिकवलंय.”

“म्हणून काय जन्मभर स्क्रूच फिरवू?” धाकटा म्हणाला.

आठवड्याभरात सुतार आला आणि दुकानाच्या मधोमध प्लायवुड उभं राहिलं. टाळी एका हाताने वाजत नाही म्हणतात. इथे दोघांनीही हात खिशात घालून ठेवले होते.

आणि आता हा लॅपटॉप. आतलं सगळं पुसलं गेलेलं, सीडीची खाच नाही, आणि पेनड्राइव्ह लावायच्या भोकांत बालवाडीतल्या पोरांनी रंगीत माती इतकी ठासून भरलेली की दादांनी टाचणीने उकरली तरी आतल्या पट्ट्या मोडलेल्याच निघाल्या. राहिली फक्त वायर. म्हणजे नेमकी धाकट्याची रीत.

ती रीत तशी सोपी असते. पोटात काहीच नसलेलं मशीन सुरू केलं की ते वायरीवरून हाक मारतं. मी कोण मला ठाऊक नाही, काय करायचं तेही ठाऊक नाही, कुणी आहे का? त्या वायरीला जोडलेल्या ज्या पेटीला ती हाक ऐकू येते, आणि जिच्याकडे द्यायला काही असतं, ती ओ देते आणि सगळं एकेक करून पाठवते. दादांनी कधी ते शिकून घेतलं नव्हतं. शिकवणारा पलीकडे होता. आता मात्र त्यांनी मोडीतल्या कॉम्प्युटरची आपली स्वतःची पेटी तयार केली होती, चष्मा लावून, वाचून वाचून, परीक्षेला बसलेल्या पोरासारखी.

बाईंचं काम हे निमित्त होतं. आपल्यावाचून दादाचं अडलेलं नाही, हे भिंतीपलीकडे कळावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आज धाकटा गेला की मग जमलं काय नि न जमलं काय, कळायला पलीकडे कोण राहणार होतं?

त्यांनी पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. लॅपटॉपही बंद करून सुरू केला. रेघ लुकलुकली. आणि मग पडद्यावर भराभर ओळी उमटायला लागल्या.

“आली! आली ओ!” दादा खुर्चीतून उठलेच. मग आवाज चढवून, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “जमलं म्हणावं! कुणाच्या बापाची गरज लागली नाही!”

“बाप एकच आहे तुमचा दोघांचा,” वहिनी म्हणाल्या.

पलीकडे चिकटपट्टीचा आवाज थांबला होता.

पडद्यावर एक पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. दादा मांडीवर हात ठेवून तिच्याकडे बघत बसले. इतक्यात बाहेर टेम्पो येऊन लागला. खोकी उचलल्याचे, टेबल घासल्याचे आवाज आले. वहिनी झेरॉक्स बंद करून पलीकडे गेल्या आणि बऱ्याच वेळाने पदराला नाक पुसत परत आल्या.

“जाऊन या तुम्ही. दोन शब्द बोला.”

“हे संपू दे. अर्ध्यात सोडता येत नाही.”

“अर्ध्यात सोडता येत नाही!” वहिनींनी कपाळावर हात मारला. “कोण बोलतंय बघा!”

भिंतीपलीकडून टेम्पोवाल्याचा आवाज आला. “काका, एवढी पेटी राहिली. घेऊ का?”

“ती राहू दे,” धाकटा म्हणाला. “तिचं काम चाललंय.”

“सगळं भरून झालंय हो.”

“थांब म्हटलं ना. चहाबिहा पिऊन ये जा.”

दादा पुटपुटले, “नेहमीचंच. ऐन वेळेला याचं काहीतरी राहिलेलं असणार.” पट्टी शेवटाला आली होती. त्यांनी चष्मा नीट केला. पडदा क्षणभर काळा झाला आणि मधोमध एकच ओळ उमटली.

दादा, झालं. चहा टाक.

दादांनी ती वाचली. पुन्हा वाचली. आपल्या पेटीत आपण असलं काही लिहिलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुकान एक होतं तेव्हा धाकटा मशीन तयार झालं की तिथूनच ओरडायचा, “दादा, झालं. चहा टाक.” चहा टाकणं हे दादांचं काम. ते दुसऱ्या कुणाच्या हातचा पीत नसत आणि दुसऱ्या कुणाला करूही देत नसत. पुढे धाकट्याने पेटी बनवली, तेव्हा गमतीने तीच ओळ त्याने शेवटी घालून ठेवली होती. कळ दाबल्याशिवाय ती जात नसे.

दादांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. लॅपटॉपची वायर वायरी एकमेकींना जोडायच्या छोट्या डबीत गेली होती. डबीतून एक वायर त्यांच्या पेटीकडे, आणि दुसरी जमिनीलगत, प्लायवुडच्या भोकातून पलीकडे. इंटरनेट तिकडून यायचं. भिंत घालताना वहिनींनी सुताराला दटावून तेवढं भोक ठेवायला लावलं होतं. ती वायर काढून ठेवायला दादा विसरले होते. त्यांच्या स्वतःच्या पेटीचा दिवा तर मघापासून एकदाही लुकलुकला नव्हता.

आणि म्हणजे इतकी वर्षं, दर मशीनला, धाकटा ती ओळ वाचत होता. दर वेळी कळ दाबून घालवत होता. एकदा खोडून टाकली असती तर सुटला असता.

दादा उठले. त्यांनी किटली लावली.

“कुणासाठी?” वहिनींनी विचारलं. दादांनी दोन कप विसळले.

कप घेऊन ते दुकानाबाहेर आले आणि शेजारच्या दारातून आत गेले. इथे त्यांचं पाऊल भिंत झाल्यापासून पडलं नव्हतं. खोली रिकामी झाली होती. मधोमध जमिनीवर जुनी पेटी, तिची वायर भिंतीच्या भोकात, आणि समोर उपड्या खोक्यावर धाकटा बसलेला. केस पार पांढरे झाले होते. भिंतीपलीकडून ते कधी दिसले नव्हते.

“झालं?” धाकट्याने विचारलं.

“झालं.”

“कळ दाबलीस?”

“नाही अजून.”

धाकट्याने कप घेतला. “तुझी पेटी वायरीकडे कान देतच नव्हती. वायरलेसवर लावून बसलायस तिला. वायरीवरून हाका, आणि ही हवेत ऐकतेय.”

“तुला कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. कोण हाक मारतंय ते माझ्या पेटीवर दिसतं. ओळखीच्या मशीनलाच ओ दे, असं सांगून ठेवलंय मी तिला. तुझं ते मशीन रोज सकाळी दुकान उघडलं की सुरू व्हायचं. मी बघत बसायचो.”

“मग दिली का नाहीस?”

धाकट्याने कपात फुंकर घातली. “म्हटलं, हाक तू मारशील. मशीनने नको. तू.”

दादा भिंतीला टेकले. प्लायवुड जरा वाकलं. इतकं पातळ होतं ते.

“मग आज टेम्पो यायची वेळ झाली,” धाकटा म्हणाला. “म्हटलं आता ज्याची आली त्याच्या हाकेला द्यावी ओ. ती तरी कशाला वाया घालवायची?” त्याने घोट घेतला आणि कपाकडे बघितलं. “साखर नाही यात.”

“डॉक्टरांनी बंद केलीय ना तुझी?”

“तुला कुणी सांगितलं?”

दादांनी भिंतीकडे बोट केलं. पलीकडे झेरॉक्स मशीन भलत्याच उत्साहाने चालू झालं. दोघंही हसले.

“कपाटाने जागा अडत होती खरी,” दादा म्हणाले.

“विचारायला हवं होतं मी.”

“विचारलं असतंस तर नाहीच म्हटलं असतं.”

“ते आहेच.”

बाहेर हॉर्न वाजला. धाकटा गुडघ्यांवर हात टेकून उठला. दादांनी नकळत त्याच्या कोपराला आधार दिला, आणि उभा राहिल्यावरही हात काढला नाही.

“पेटी इथेच ठेवतोय,” धाकटा म्हणाला. “ओढून घे तुझ्या बाजूला. बंद करू नकोस एवढंच. बंद केली की पुन्हा उठायला कुरकुरते.”

“वय झालंय तिचं.”

“आपलं काय कमी झालंय?”

दारात जाऊन तो वळला. “येतो, दादा.”

घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, एवढाच त्याचा अर्थ. दादांनी तेवढ्यावर भागवून घेतलं. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत ते दोन रिकामे कप घेऊन रस्त्यावर उभे होते.

परत आले तेव्हा बालवाडीच्या बाई येऊन टेबलापाशी थांबल्या होत्या. “झाला वाटतं?” त्यांनी पडद्याकडे बघत विचारलं. “हे काय लिहिलंय हो? चहा टाक?”

“शेवटची कळ राहिलीय,” दादा म्हणाले.

“मग दाबा की. पोरं वाट बघतायत.”

“दाबतो. जरा बसा. चहा टाकतो तुम्हाला.”

त्यांनी किटली पुन्हा भरली. पाणी उकळलं, चहा गाळून झाला, बाईंचा पिऊनही झाला. मग दादा लॅपटॉपसमोर बसले, चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, ओळ आणखी एकदा वाचली आणि कळ दाबली.