लेहच्या उताराखालचे सांधे

वणीच्या भर मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, दीपमाला बर्फ वितळवायच्या नळ्यांचे सांधे निवडत होती. पोरीला ऊन लागलं की काय, अशी शंका तिच्या बापाला, धर्मपालला, सकाळपासूनच येत होती.

"वणीत बसून लेहचा बर्फ वितळवून राह्यली तू?" तो पाइपच्या दुकानातल्या खुर्चीतून म्हणाला.

उत्तर द्यायला तिला फुरसत कुठे होती? भाऊ धम्मरत्न लेहला एका छोट्या दवाखान्याचं वायरिंग करत होता. तिथे थंडीत दारापुढच्या उतारावर बर्फ साचतो, पेशंटचं स्ट्रेचर घसरतं. म्हणून काँक्रीटखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकायच्या होत्या. तिथल्या इंजिनिअरला कुणाचाच आराखडा पटेना. तेव्हा या भावाने छाती फुगवून बहिणीचं नाव सांगितलं. आज पाचपर्यंत तिने सांधे सुचवायचे. पटले तर नळ्या टाकायला तिलाच बोलावणार होते.

तिलाच! प्लंबरचं सर्टिफिकेट चार वर्षांपासून दुकानाच्या भिंतीवर होतं. कापसाचा भाव पडल्यापासून गिऱ्हाईक तसंही कमी, आणि जे येई ते पहिलं विचारी, "बाबा कुठं गेले?" तिचं डोकं फिरायचं.

तिने बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली, फोडून मीठ घालून घमेल्यात भरली आणि त्यात सांधे पुरले. कोकिळाकाकूंचा फवारणीचा पंप वायसर बदलायला आलेला होता, तोच धुऊन नळीला जोडला. आधी गार पाणी, मग गरम, आणि हात भरून येईपर्यंत दाब. प्लास्टिकचा सांधा तडकला. लोखंडी पाझरला. पितळेचा मात्र टिपूस गाळेना!

"बाबा, पाहा!" ती नाचायचीच बाकी होती. नळीच्या प्रत्येक वळणाला एक, असे बत्तीस पितळी सांधे तिने कागदावर मांडलेसुद्धा. साडेचार वाजले होते.

तेवढ्यात पंप न्यायला कोकिळाकाकू आल्या. कपाशीवाल्या, जिभेला धार. "माह्या पंपानं काय खेळ मांडला वं?"

दीपमालाने एका दमात सगळं सांगितलं. काकूंनी पितळी सांधा हातात फिरवून पाहिला.

"चांगला हाय. पन हा सिमेटाखाली गाडशीन? मांगच्या साली आमच्या ड्रिपचा एक जोड मातीखाली गळला. कपाशीच्या दोन ओळी सडल्या, तवा समजलं. माती त उकरली मी. सिमेट कोन उकरन? आता मी सारे जोड धुऱ्यावर, वावराच्या कडीले ठेवतो, डोयापुढं."

दीपमालाने कागदावरचे बत्तीस सांधे पुन्हा पाहिले. सकाळपासून चांगला सांधा शोधण्यात ती इतकी गुंग होती, की तो काँक्रीटखाली हवाच कशाला, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला आणि पुढच्याच क्षणी हसू फुटलं. नळीचं बंडल तर शंभर मीटरचं येतं! नळी अखंड ठेवून बेताबेताने वळवत न्यायची, की दोन बंडलांत सगळा उतार भरतो. उरतात चार टोकं. ती भिंतीतल्या पेटीत, पितळी सांध्यांनी जोडायची. केव्हाही उघडा, केव्हाही आवळा.

"काकू, तुमचे पाय कुठं हायेत!"

पाचला लेहहून फोन आला. इंजिनिअरसाहेबांनी हिंदीत विचारलं, उताराखाली किती जोड?

"एकही नाही," ती म्हणाली आणि सगळं समजावलं. पलीकडून साहेबांच्या आधी धम्मरत्नच ओरडला, "दीपे, स्वेटर घेऊन ये! साहेब हो म्हन्ते!"

ती आनंदाने किंचाळलीच. काकूंनी तिला पंपासकट मिठी मारली. या गोंधळात एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं.

"मोटरचा जोड गळून राह्यला. बाबा कुठं गेले?"

धर्मपाल काकूंच्या आड खुर्चीतच बसला होता. त्याने डोळे पुसले आणि पोरीकडे बोट केलं.

"मिस्त्री ते हाय. तिलेच इचार. अन् लवकर इचार, ते लेहले चालली."