गुठळीचा टेकू

लीलाने वडिलांच्या बेंबीच्या वर, ठोका लागत होता त्याच्या दोन बाजूंना, दोन्ही हातांची बोटे ठेवली आणि डोळे मिटले. खाटेभोवती तिच्या वर्गातली अकरा मुले श्वास रोखून उभी होती. बोटे नुसती वर उचलली जात नव्हती. प्रत्येक ठोक्यासरशी ती एकमेकांपासून दूर ढकलली जात होती.

"बोला," प्राध्यापक कृष्णराव म्हणाले.

"बोटं फाकतात, सर. हा वायुगोळा नाही. पोटातली महाधमनी फुगलीये." तिने चादर सारून आबांच्या पायाचा काळानिळा अंगठा दाखवला. "आणि हा तंबाखूचा प्रताप नव्हे. फुगवट्यात रक्ताची गुठळी साकळलीये. तिचाच कण सुटून इथवर आला असणार."

कृष्णरावांनी स्वतः बोटे ठेवली. बराच वेळ ठेवली. मग खाटेच्या कागदावर पंधरा दिवसांपूर्वी आपणच लिहिलेले 'वायुगोळा' हे निदान त्यांनी मुलांसमोर खोडले.

आबा, म्हणजे होळकरांच्या रिसाल्यातले निवृत्त जमादार दौलतराव, छताकडे पाहत सारे ऐकत होते. संस्थानाची फौज भारतीय सैन्यात विलीन झाली तेव्हापासून त्यांचे बोलणेच आटले होते. लेकीने वैद्यकीला नाव घातले, भावकीने तोंडे फिरवली, तेव्हाही ते चांगले-वाईट काहीच बोलले नव्हते. त्या मौनाचा अर्थ लीला तीन वर्षे शोधत होती.

"कापून काढता येतं का, साहेब?" त्यांनी कृष्णरावांना विचारले.

"इंदुरात नाही. विलायतेत आत्ता कुठे सुरुवात आहे."

"बरं. मग ती गुठळी? फुग्याला रोखते का वाढवते?"

कृष्णरावांनी लीलाकडे पाहिले.

"ठाऊक नाही, आबा." ती म्हणाली. "कोणी म्हणतं, आतून टेकू देते. मला वाटतं, तिच्याआडची धमनीची भिंत उपाशी राहते, पातळ होते. उघडून पाहिल्याशिवाय कसं कळणार?"

"तर मग उघडून बघा ना भिया!"

गल्लीतल्या मित्राला म्हणावे तसे ते इंदुरी 'भिया' ऐकून शरच्चंद्र नावाचा एक मुलगा खुदकन हसला. दौलतरावांनी त्याच्याकडे मान वळवली.

"आत्ता नाही रे. मी गेल्यावर. आणा देह देण्याचा कागद, सही करतो."

"आबा, घरचे काय म्हणतील?"

"घरच्यांना मी बघतो. हे शरीर पहले भी सरकारी कामाचंच होतं."

सही त्यांनी उठून बसून, ठसठशीत केली. कागद मात्र लगेच सोडला नाही.

"एक अट आहे, साहेब. त्या दिवशी हिला रडायला घरी धाडायचं नाही. हिला इथं पुढं उभी करा. आत जे दिसेल, ते या पोरांना हीच सांगेल."

कृष्णराव खाटेच्या उजव्या बाजूची, शिकवणाऱ्याची आपली जागा लीलासाठी सोडून मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

लीलाने पदराने डोळे टिपले. शरच्चंद्राचा हात धरून तिने तो आबांच्या पोटावर नेमका ठेवला. जन्मभर ताठ राहिलेल्या दौलतरावांनी श्वास सोडून पोट सैल केले, पोराला नीट कळावे म्हणून.