किडेबाईंचे कान

"अगं, स्पीकर लाव ना," किडेबाई म्हणाल्या.

"लावलाय, मॅडम. मघापासून चालूच आहे," विद्यार्थिनी हळूच म्हणाली.

बाईंनी समोर पाहिलं. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूवर रातकिड्याची मादी उभी केली होती. ती डावीकडच्या स्पीकरच्या दिशेने तुरुतुरु चालत होती आणि पायांखाली चेंडू फिरत होता. म्हणजे नराचं गाणं वाजत होतं. मादीला ऐकू येत होतं, विद्यार्थिनीला ऐकू येत होतं. मादीच्या मेंदूतली कोणती पेशी ते गाणं ओळखते, हे शोधायला ज्यांनी तीस वर्षं घालवली, त्या बाईंना मात्र ते जराही ऐकू येत नव्हतं.

दुपारी कानाचे डॉक्टर म्हणाले, "वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज जातात. पण माणसांचं बोलणं ऐकू येईल."

"माणसांचं काय करू?" बाई म्हणाल्या आणि घरी आल्या.

घरी त्यांचे यजमान, निवृत्त मास्तर, कानात बोटं घालून बसले होते. "तुझा एक पाहुणा पिशवीतून पळालेला दिसतोय. आठ दिवस फ्रिजमागे किरकिर लावलीय त्याने. डोकं उठलंय माझं!"

"आठ दिवस?" बाई मटकन खुर्चीत बसल्या. "मला येतच नाही हो ऐकू. उद्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या देऊन टाकते. ज्याचं गाणं ऐकू येत नाही, त्याचा अभ्यास कसला करायचा?" आणि त्या चक्क रडू लागल्या.

तीस वर्षं या किड्यांच्या नावाने खडे फोडणाऱ्या मास्तरांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचाच चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि बायकोचं मनगट हातात घेतलं.

"थांब. तो ओरडला की मी बोट आपटतो."

टक. टक. टक.

बाईंनी डोळे पुसले आणि सवयीने घड्याळाकडे पाहिलं. "इतका सावकाश? नीट ऐका हो."

"नीटच ऐकतोय. लग्न झाल्यापासून दुसरं काय ऐकलंय मी?"

बाईंना हसू फुटलं. मग एकदम त्या उठल्याच. "तर मग तो फ्रिजमागे नाही! तिथे उबदार असतं, उबेत रातकिडा भराभर ओरडतो. हा कुठेतरी गारव्यात बसलाय."

"अगं, मी या दोन कानांनी ऐकतोय..."

"कानांचं मला नका सांगू. बाथरूममध्ये चला."

फ्रिजमागच्या भिंतीपलीकडेच बाथरूम होतं. तिथे बादलीमागे, ओल्या फरशीवर स्वारी बसली होती. चाहूल लागताच गप्प झाली. दोघं गुडघे धरत, कण्हत खाली बसले. बाईंचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता.

"मग? किल्ल्या द्यायच्यात ना उद्या?" मास्तर कुजबुजले.

"शू! बोट ठेवा मनगटावर."

बराच वेळ कोणी हललं नाही. मग रातकिड्याने पंख उचलले, थरथरवले. मास्तरांचं बोट पडायच्या आधीच किडेबाई हसल्या.