पाणी मागून येतंय

बॅटरीवरच्या सायकलींच्या पोटातलं पाणी काढण्यात मिस्त्रीचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. "पाणी वरून येतं. वरचं तोंड बंद करा, झालं काम!" सीटच्या दांडीला ग्रीस फासायचं, वर रबराची चकती बसवायची, हात पुसायचे. दांडी काढण्याआधी तिच्यावर चिकटपट्टीची खूण मात्र तो न चुकता करायचा, म्हणजे गिऱ्हाइकाची उंची बिघडत नाही.

पण त्याच्या धाकट्या भावाच्या बायकोने भावाची निळी सायकल तिसऱ्यांदा दारात आणली, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

"दादा, परत तेच," ती म्हणाली. नवऱ्याचं ऐकून तीही त्याला दादाच म्हणायची. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. दोन महिन्यांपासून सायकल ती चालवत होती, कामावर जायला दुसरं काही नव्हतंच.

मिस्त्रीने दांडी उपसली आणि सायकल उलटी केली. भळकन कपभर पाणी फरशीवर आलं. आठ दिवसांत आभाळात ढगसुद्धा दिसला नव्हता! आणि सीट? परवा त्यानेच ती भावजयीच्या खुणेवर आवळून दिली होती. आता येताना ती चार बोटं वर होती, जुन्या मळक्या चिकटपट्टीवर. ती धाकट्याची खूण. ताडमाड होता तो.

"सीट तू वर केलीस?"

"मी कशाला करू? माझे पाय टेकत नाहीत." तिने आवाज खाली आणला. "अजून एक आहे, हसू नका. उताराला लागले की पाठीशी कोणीतरी बोलतं. 'मागून येतंय', एवढंच. वळून बघते तर रस्ता मोकळा. अशी वळता वळता एक दिवस कोणाच्या तरी चाकाखाली जाईन मी, दादा. पोरीला माझ्याशिवाय कोण आहे?"

मिस्त्री हसला नाही. त्याची पाचावर धारण बसली होती.

हे शब्द त्याने ऐकले होते, याच फरशीवर. मरायच्या दोन दिवस आधी धाकटा निथळत आला होता. "दादा, पाणी मागून येतंय रे, बघ जरा." आणि या शहाण्याने काय उत्तर द्यावं? "पाऊस काय चोर आहे, मागच्या दाराने यायला?" खो खो हसत त्याने वरून ग्रीस फासलं आणि दिलं पाठवून. दोन दिवसांनी भर पावसात उतारावर आत शिरलेल्या पाण्याने बॅटरी गेली, मागचा दिवा विझला आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो दिसलाच नाही. सायकलला नुसते ओरखडे आले, भाऊ गेला. त्या हसण्याबद्दल मिस्त्री कोणाजवळ एक अक्षर बोलला नव्हता.

तो गुडघ्यांवर बसला आणि सीटखाली पहिल्यांदाच मागून नीट बघितलं. दांडी आवळायच्या कड्याखाली, दांडी जिच्यात शिरते त्या नळीला उभी खाच होती, बोटाच्या पेराएवढी, अगदी मागच्या चाकासमोर. चाक उडवील ते सगळं पाणी सरळ आत. काखेत कळसा! इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती मेली.

त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, खाच झाकेल असा सांध्यावर ताणून चढवला आणि कड्याचं तोंड पुढे फिरवलं. सीट तिच्या खुणेवर बसवली. मग चाक गरगर फिरवून त्यावर पाइपने पाणी सोडलं. आत थेंब गेला नाही.

"झालं," तो म्हणाला, आणि त्याला हुंदकाच फुटला. "त्याने मला सांगितलं होतं गं. हेच शब्द. मी हसलो. माझ्यामुळे गेला तो."

तिने हातमोजे चढवले.

"म्हणजे मला नव्हताच सांगत," ती म्हणाली. "दोन महिने तुमच्याकडे यायला बघत होता." आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. सीट तिच्याच खुणेवर होती. "आवाज नाही, काही नाही. निर्धास्त जाते आता," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

मिस्त्रीने घाईघाईने दांडी उपसली आणि नळीला तोंड लावलं. "बोल की रे," तो कुजबुजला. "एकदा तरी. शिव्या दे हवं तर."

मग त्याने कान लावला. आत काहीच नव्हतं. त्याने बोट घालून बघितलं, नळी ठणठणीत कोरडी होती.