चमचेबाबांचा घास

गॅरेजवरच्या हॉलचा जिना पहाटेपासून आयांनी ठासून भरलेला. प्रत्येकीच्या कडेवर एक न जेवणारं पोर. जिन्याखाली दारात टोपली. दुधाच्या बाटल्या तिच्यात टाकायच्या, मगच आत. "बाटलीला नजर चिकटते, माई!" चेले ओरडायचे. दुपारी नंबर लागला की चमचेबाबा चांदीचा चमचा कपाळाला लावायचे, मऊ भाताचा घास पुढे करायचे, अन् पोर असं गपकन तोंड उघडायचं की चमचाच गिळतंय की काय! लोक म्हणत, बाबांनी चमचा दाखवला तर भिंतीवरची पालसुद्धा भात मागेल.

लाँड्रीत इस्त्री करणारी ठमीची आई इथे हेलपाटे घालून दमली होती. दीड वर्षाची ठमी कागदासारखी पांढरी पडलेली; जरा चालली की धापा टाकत बसायची. बाबांसमोर जेवायची, घरी मात्र ओठ शिवलेले. "डॉक्टरचं रक्तवाढीचं औषध बंद कर, तेच घास अडवतंय," बाबांनी बजावलं. आईने तेही केलं. ठमी आणखीच मलूल झाली.

शेवटी ती रडत डॉक्टरीणबाईंकडे गेली. "बाई, पोर हातची जाईल हो!"

"दिवसभर काय देता हिला?"

"जेवतच नाही, म्हणून दूध. सकाळी मी, दुपारी सासूबाई, रात्री हे. मधेमधे नणंद."

"म्हणजे चौघांनी मिळून पोट भरायचं, आणि वर विचारायचं भूक कुठे गेली! नुसत्या दुधावर अंगात रक्त कसं होईल? बंद केलेलं औषध आजच पुन्हा सुरू करा. आणि बाबांकडे एकदा जाच. फक्त एक बाटली पदराआड ठेवा आणि नंबर लागण्याआधी हिला पाजा."

आईने तसंच केलं. चमचा पुढे आला. ठमीने तोंड फिरवलं. बाबांनी घास रेटला, तो थेट त्यांच्याच दाढीत परतला.

"बाटली पाजलीस ना हिला?" बाबा गरजले. "नियम मोडलास!"

आईने ठमीला कडेवर सावरलं. "पाजली. मग बाबा, मोठं कोण? तुमचा चमचा की माझी बाटली?"

मागून एक आई पुटपुटली, "अगंबाई! म्हणजे आपली लेकरं नुसती भुकेली होती?" आधी टोपली रिकामी झाली, मग हॉल.

घरी बाटली माळ्यावर गेली. ठरल्या वेळी ताट: डाळ-भात, भाजी, अंडं. दूध कपाने, तेही जेवणानंतर. ठमीने घर डोक्यावर घेतलं. सासूबाई माळ्याकडे धावल्या. सुनेने हात धरला. "आई, आजचा दिवस कळ काढा."

दुसऱ्या दुपारी ठमीने आईच्या ताटातलं अंडं ओढलं आणि दोन्ही हातांनी तोंडात कोंबलं. आई आपला घास तसाच हातात धरून रडत राहिली.

तेव्हा बाबांनो, बायांनो, कुणाच्या हातून पोर जेवलं की पाया पडायची घाई नको. आधी एवढंच विचारा, ते कधीपासून उपाशी होतं?