अठ्ठावीस दिवसांचं मलम

“ट्यूब कुठे ठेवलीस?” रंगाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं आणि बायकोने तिसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी ट्यूब पिठाच्या डब्यामागे सापडली.

बायको तरी काय करणार? तीस वर्षं उघड्या डोक्याने छपरं आणि गच्च्या रंगवून नवऱ्याच्या टकलावर खरखरीत चट्टे उठले होते. यातूनच पुढे कर्करोग होऊ शकतो, असं सांगून डॉक्टरांनी मलम दिलं. रोज दोनदा, पातळ, चार आठवडे. कातडी लाल होईल, जळेल, खपल्या धरतील, तरी घाबरून सोडू नका, असंही बजावलं. पण गड्याला सवय जाड हात मारायची. पहिल्या दिवशी त्याने गिलाव्यासारखं थापलं आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. आता सोळाव्या दिवशी ते डोकं पाहून शेजारीण दारातूनच परत फिरली. मागचे चट्टे त्याला दिसत नसत, तिथे बायको लावायची. आज तिने साफ नकार दिला. माझ्या हाताने तुम्हाला जाळणार नाही, म्हणाली.

रंगाऱ्याने ट्यूब खिशात घातली आणि दोन गल्ल्या ओलांडून वहिनीचं दार वाजवलं.

दादा आणि तो एकाच शिडीवर म्हातारे झाले होते. कानावरच्या चट्ट्यासाठी दादालाही हेच मलम मिळालं होतं. ते त्याने दहाव्या दिवशी सोडलं. चट्टा बिघडत गेला, मानेत उतरला, आणि दोन वर्षांपूर्वी दादा गेला. त्याला मलम सोडायला कोणी सांगितलं, हे तिघांनाच ठाऊक होतं. आता दोघांना.

वहिनीने डोकं नीट पाहिलं. तोंड फिरवलं नाही.

“वहिनी, चांगली भिंत कशाला खरवडतोस, असं दादाला मीच म्हणालो होतो.” दोन वर्षं हे वाक्य त्याने कोणापुढे उच्चारलं नव्हतं. पोपडे काढल्याशिवाय रंग धरत नाही हे आयुष्यभर लोकांना सांगणाऱ्या माणसाने असा सल्ला दिला होता, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

“म्हणालात खरं.” वहिनीने हातमोजा चढवला. “आणि मीही मान डोलावली. मला बघवत नव्हतं. बसा, भाऊजी. पुढे वाका.”

तिने पातळ, अगदी पातळ मलम लावलं. डोक्याची आगआग झाली, पण तो हलला नाही. उरलेले बारा दिवस तो सकाळ-संध्याकाळ तिच्या स्टुलावर येऊन बसला. एकही वेळ चुकवली नाही. बायको आधी रुसली, मग बरोबर येऊ लागली.

महिन्याभराने खपल्या गळून खाली गुलाबी, कोवळी कातडी आली. डॉक्टरांनी भिंगातून पाहून समाधानाने मान डोलावली आणि उन्हात टोपीशिवाय जायचं नाही, असा दम भरला.

वहिनीने कपाटातून रुंद काठाची टोपी काढली. कधीतरी तिनेच दोघा भावांना एकेक आणून दिली होती. रंगाऱ्याने आपल्या टोपीला ब्रश पुसून तिची चिंधी केली होती. दादाची मात्र कोरी होती.

“त्यांनी एकदाही घातली नाही,” ती म्हणाली. “तुम्ही घाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीला शिडी लावताना ती टोपी डोळ्यांवर घसरू लागली. दादाचं डोकं मोठं होतं. रंगाऱ्याने जुना कागद घडी करून आत बसवला, टोपी नीट घातली आणि डबा घेऊन वर चढला.